भैरीच्या सड्यावरचं खिंडार

भैरीच्या सड्यावरच्या गडग्यात शेवटचा दगड बसला, तेव्हा डॉ. केतकी सरनोबतने त्यावर हात ठेवून फोटो काढून घेतला. फोटोबिटोची आपल्याला हौस नाही असं ती नेहमी म्हणायची. पण त्या दिवशी ओढणी सारखी करून, उन्हाकडे तोंड करून नीट उभी राहिली होती, हेही तितकंच खरं. आणि का राहू नये? वीस वर्षं दगडाधोंड्यांत डोकं घालून बसलेल्या बाईला एकदाच्या टाळ्या मिळत होत्या.

हा सडा, म्हणजे जांभ्या खडकाचं उघडंबोडकं पठार, कोयनेच्या खोऱ्याच्या वर आहे. एका अंगाला दाट रान, दुसऱ्या अंगाला उतार. रानाच्या तोंडाशी दोन गडगे, म्हणजे दगडी भिंती, एकमेकांपासून लांबवर सुरू होतात. चुना नाही, माती नाही, नुसता दगडावर दगड रचलेला. ते नरसाळ्यासारखे जवळ येत येत शेवटी एका गोल कोंडवाड्यात शिरतात. गावकरी त्यांना पांडवांचे गडगे म्हणत. पांडवांनी आपल्याकडे इतकी बांधकामं केली आहेत, की वनवासात त्यांना जेवायला कधी सवड मिळाली कोण जाणे. केतकीने सिद्ध केलं, की हा शिकारीचा सापळा आहे. दगडाच्या पोटाने शेवटचं ऊन कधी पाहिलं हे मोजणारं उपकरण आता हातात मावतं. त्याने सांगितलं, वय तीन हजार वर्षं. रानातून माणसं हाकारा घालत, गवे आणि सांबरं दोन भिंतींमधून पळत सुटत आणि कोंडवाड्यात सापडत.

पण तिचं नाव झालं ते कळपयंत्रामुळे. रानातल्या गव्यांच्या गळ्यात सहा वर्षं पट्टे घातले होते. जनावराने मान कुठे वळवली, वारा कुठून होता, छातीचे ठोके कधी वाढले, म्होरकी गाय वळली की मागचे किती वेळाने वळतात, असा सगळा तपशील संगणकाला पाजला. त्यातून संगणकात एक कळप जन्माला आला. त्याला खऱ्या गव्यासारखी भीती वाटायची आणि खऱ्या गव्यासारखाच तो पळायचा. विमानातून मोजलेल्या डोंगराच्या हुबेहूब प्रतिकृतीवर हा कळप सोडायचा, मागे खोटे शिकारी लावायचे, आणि तो कुठे गोळा होतो ते पाहायचं. तिथे जाऊन खणलं की गडगा सापडायचा. असे सात सापळे केतकीने खुर्चीत बसून शोधले होते.

मग तिने उलटं गणित मांडलं. कळप दिला आहे, डोंगर दिला आहे. आता भिंत कशी हवी? यंत्राला मात्र काहीतरी हेतू द्यावा लागतो, नाहीतर ते हलत नाही. केतकीने हेतू दिला: शिकाऱ्याला जास्तीत जास्त जनावरं हवीत. हे वाक्य लिहिताना तिने क्षणभरही विचार केला नाही. शिकाऱ्याला आणखी काय हवं असणार?

यंत्राने काढलेली भिंत सड्यावरच्या भिंतीशी तंतोतंत जुळली, एक जागा सोडून. उताराकडच्या गडग्यात बैलगाडी जाईल एवढं खिंडार होतं. यंत्राच्या पडद्यावर नेमकी तीच जागा लालभडक दिसायची, कारण कळपाचा सगळा रेटा तिथे येत होता. खालून दरीचा वारा येतो, जमीन उतरती आहे, तिथून सुटावं असं जनावराला वाटतंच. यंत्राने त्या जागेला नाव दिलं होतं 'गळती' आणि सल्ला दिला होता, बुजवा.

केतकीने मानलं, की इथली भिंत पडली असणार. पण पडलेले दगड? ते आसपास कुठेच नव्हते. तेव्हा उचलली जीभ, लावली टाळ्याला तसं तिने आपल्या निबंधात लिहून टाकलं, की पठारावरच्या गवळी धनगरांनी हे दगड आपल्या वस्तीसाठी नेले असावेत.

खोदकामावर मजुरीला येणाऱ्या येसाबाई झोरेंना कुणीतरी ते वाचून दाखवलं. येसाबाई घमेलं खाली ठेवून तरातरा आल्या.

"बाई, आमी कशापायी न्हेऊ दगडं? आमची घरं कुडाची. ह्यो जांभा वस्तीपातुर व्हायचा कुनी?"

"तुम्ही नाही हो, येसाबाई. जुन्या काळी कुणीतरी."

"जुन्या काळचं मला ठावं न्हाय. पर आमच्या मान्सांवर चोरीचा आळ नगं." येसाबाईंनी घमेलं उचललं. केतकीला वाईट वाटलं, पण निबंध छापून झाला होता.

शिवाय एक फोनही आला होता. पुण्याच्या प्रयोगशाळेत अन्वर तांबोळी मातीची तपासणी करायचा. जनावराच्या कातडीचे, शेणाचे जनुकीय अंश थरात हजारो वर्षं टिकतात. कुठल्या थरावरून कोण चाललं हे त्यातून वाचता येतं. खिंडार बुजवायचं काम सुरू व्हायच्या आधी त्याने कळवलं, "मॅडम, खिंडारातली माती जरा बघायला हवी. गडग्याच्या पायाच्याच काळातला थर आहे, चांगला तुडवलेला. आणि बहुतेक सगळ्या माद्या आणि वासरं."

"भिंत पडल्यावर गेली असतील तिथून," केतकी म्हणाली.

"थर तर जुना वाटतोय. दोन महिने द्या, नक्की सांगतो."

दोन महिने नव्हते. दुरुस्त सापळ्याच्या उद्घाटनाची तारीख ठरली होती. "नंतर बघू," म्हणून तिने फोन ठेवला आणि 'भिंत पडल्यावर जनावरांची ये-जा' असं एक वाक्य निबंधाच्या पुढच्या आवृत्तीत घातलं. वाक्य चांगलं जमलं होतं.

घाई होती ती गवा पुनर्वास मंडळाची. खोऱ्यात गवे फार झाले होते, शेतात शिरत होते, दोन माणसांना त्यांनी शिंगावर घेतलं होतं. एक अख्खा कळप पकडून पलीकडच्या रानात न्यायचा होता. एरवी अशा कामाला मैलभर प्लास्टिकचे पडदे उभारतात, पण त्यांना जनावर बुजतं. मंडळाचे संचालक जगदाळे यांच्या डोक्यात कल्पना आली: पडदे कशाला? तीन हजार वर्षांचा सापळा तयार आहे! तो दुरुस्त करायचा, हाकाऱ्याला यंत्राच्या हुकमावर उडणारे ड्रोन लावायचे, कोंडवाड्याच्या तोंडाशी ट्रक. जगाने पाहावं असं काम. गडगे पुन्हा पुरुषभर उंच रचले. खिंडार बुजवलं, आणि तिथे पर्यटक चढतील म्हणून भिंतीच्या पोटात पोलादी जाळी आणि सिमेंटही घातलं.

मोहिमेची पशुवैद्य होती डॉ. शाल्मली सरनोबत, केतकीची धाकटी बहीण. जनावरांच्या जिवाची जबाबदारी तिची. थांबा म्हणायचा अधिकारही तिचाच. आदल्या दिवशी संध्याकाळी दोघी गडग्याच्या कडेने चालत होत्या. नव्या दगडांपाशी शाल्मली थांबली.

"ताई, हा तुकडा नवा ना? इथं मुळात भिंत होती हे पक्कं आहे?"

केतकीला अन्वरचा फोन आठवला. अगदी स्पष्ट आठवला. जगदाळे दहा पावलांवर दोन पाहुण्यांना सापळा समजावून सांगत होते, आणि प्रत्येक वाक्यात तिचं नाव येत होतं.

"पक्कं," ती म्हणाली.

"मग झालं," म्हणून शाल्मली पुढे गेली. लहानपणी गणिताचं उत्तर ताईला विचारून ती असंच वही मिटून टाकायची.

सकाळी हाकारा सुरू झाला. ड्रोन रानावर भुंग्यांसारखे गुणगुणायला लागले आणि कळप बाहेर आला. सव्वीस जनावरं. पुढे म्होरकी गाय, पांढरे मोजे घातल्यासारखे पाय उचलत. मागे वासरं, आणखी गाई, सगळ्यात शेवटी तरणे बैल. मचाणावर केतकीसमोर पडदा होता. पडद्यावरचा कळप आणि खरा कळप एका तालात चालले होते. जगदाळ्यांनी तिचा हात हातात घेऊन दाबला.

बुजवलेल्या खिंडारापाशी म्होरकी थांबली. दरीचा वारा तिच्या नाकाला लागला असावा. ती भिंतीकडे वळली आणि तिने कपाळ दगडाला लावलं. मागची वासरं तिच्या पोटाशी गोळा झाली. त्यांच्या मागून बाकीचा कळप आला, त्यामागून ड्रोन. पडद्यावरचा कळप वळून कोंडवाड्याकडे गेला. खरा कळप गेला नाही.

"ड्रोन थांबवा!" शाल्मली ओरडली. ड्रोन थांबले, पण रेटा थांबला नाही. मागच्याला पुढचं दिसत नव्हतं. "हा तुकडा पाडा! तिकडून पाडा!" ती स्वतः भिंतीच्या पलीकडून दगड उपसायला लागली. वरचे चार निघाले. खाली जाळी लागली. भिंतीच्या त्या बाजूने हंबरणं येत होतं, आणि मग एकेक आवाज कमी होत गेला.

अकरा गेले. त्यांतली सात वासरं. तीन गाभण गाई पुढच्या आठवड्यात गाभडल्या.

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती इथे उशिरा आली नाही. चार दिवसांत सगळीकडे एकच बोललं जाऊ लागलं: पशुवैद्याने हाकारा वेळेत थांबवला नाही. मंडळाने शाल्मलीला निलंबित करून चौकशी समिती नेमली. केतकीला मात्र जगदाळ्यांचा सांत्वनाचा फोन आला. "मॅडम, तुमच्या सापळ्याला कुणीही बोल लावलेला नाही," ते म्हणाले. तिने "आभारी आहे" म्हटलं. तो शब्द तोंडातून गेल्यावर तिला स्वतःची किळस आली.

मग ती यंत्रासमोर बसली. सगळं तेच ठेवलं, डोंगर, वारा, कळप. फक्त एक वाक्य बदललं. 'जास्तीत जास्त जनावरं' खोडून लिहिलं: दरवर्षी शिकार मिळावी, आणि कळप कधी संपू नये. यंत्राने पडद्यावर पिढ्यामागून पिढ्या चालवल्या. हळूहळू उताराकडच्या गडग्यातले दगड आपोआप कमी होऊ लागले आणि बैलगाडी जाईल एवढी वाट मोकळी झाली, नेमकी तिथेच. पुढे चालणारी म्होरकी आणि तिच्या पोटाशी असलेली वासरं त्या वाटेने निसटायची. मग शिकारी वाट अडवायचे आणि मागचे तरणे बैल कोंडवाड्यात जायचे. ते खिंडार पडलेलं नव्हतंच. ते ठेवलेलं होतं. तीन हजार वर्षांपूर्वीच्या उपाशी माणसांना जे सुचलं, ते पोटभर जेवून संगणकापुढे बसलेल्या डॉ. सरनोबतला सुचलं नाही. त्या माणसांबद्दल तिने किती सहज धरून चाललं होतं, की ती हावरी असणार! हा हावरेपणा तिने आणला कुठून? स्वतःच्याच पदरातून. दुसरीकडे कुठे मिळणार होता?

ती कराडला गेली. शाल्मली आईच्या घरी होती, ओसरीवर शेंगा सोलत. केतकीने उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. अन्वरचा फोनही.

शाल्मलीचे हात थांबले. "मी तुला विचारलं होतं."

"हो."

"आणि तुला माहीत होतं."

"माहीत नव्हतं. शंका होती."

"मग 'शंका आहे' म्हणायचंस! एवढंच म्हणायचंस, ताई. मी मोहीम थांबवली असती. त्या वासरांना मी हातांनी ओढून काढलंय." तिने सूप बाजूला सारलं. "इतकी लाज वाटत होती तुला, आपल्याला एक गोष्ट माहीत नाही हे सांगायची?"

आई आतून चहा टाकू का विचारत होती.

समितीपुढे केतकीने काहीही हातचं राखलं नाही. यंत्र चालवून दाखवलं, अन्वरचं म्हणणं सांगितलं, बहिणीने विचारलेला प्रश्न आणि आपलं उत्तर शब्दशः सांगितलं. सभागृहात गावचे लोक होते, पत्रकार होते. बोलून झाल्यावर तिला वाटलं, आता दगड बसतील.

अध्यक्षबाई मऊ आवाजात म्हणाल्या, "डॉक्टर, खिंडारातून जनावरं भिंत पडल्यावर गेली, असं तुमच्याच निबंधात आहे. जगभरच्या तज्ज्ञांनी ते तपासलंय. मग आज वेगळं का?"

"तेव्हा मी चुकीचं लिहिलं."

अन्वरला विचारलं. तो प्रामाणिक माणूस, म्हणाला, "थर जुना वाटतो. पण मॅडमनी दिलेला खुलासा अशक्य आहे असं मी आज छातीठोक सांगू शकत नाही." येसाबाईंना विचारलं, तुमच्या लोकांनी दगड नेले होते का? येसाबाईंनी केतकीकडे पाहिलं आणि पदर सावरला. "बाईंनी लिवलंय तर न्हेलं आसतील कवातरी. त्या शिकल्याल्या. आमाला काय म्हाईत."

"नाही, येसाबाई! तुम्ही नाही नेले," केतकी उठून म्हणाली. तिला बसायला सांगण्यात आलं.

जगदाळे उभे राहिले. ते हे अगदी मनापासून बोलत होते. "सर्वांच्या लक्षात आलंच असेल. एक थोर शास्त्रज्ञ आपल्या धाकट्या बहिणीसाठी स्वतःच्या आयुष्यभराच्या कामावर पाणी सोडायला निघाली आहे. समितीने निर्णय काहीही द्यावा. पण या मनाच्या मोठेपणाला मी नमस्कार करतो."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मागच्या रांगेतली माणसं उभी राहिली. केतकी ओरडून सांगत होती, की हे खरं आहे, मी खोटं बोलत नाही; आणि ती जितकी ओरडली तितक्या टाळ्या वाढल्या. वीस वर्षं जमवलेलं नाव आता तिचंच ऐकायला तयार नव्हतं. मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय, ते तिला त्या दिवशी कळलं. निकाल ठरल्यासारखा लागला: दोष पशुवैद्याचा, सापळा निर्दोष. दिवाळीनंतर दुसरा कळप हाकायचा, नवा पशुवैद्य नेमून.

बाहेर शाल्मली गाडीपाशी उभी होती.

"मी प्रयत्न केला गं," केतकी म्हणाली.

"पाहिलं मी." शाल्मलीचा आवाज कोरडा होता. "माझं जाऊ दे. दिवाळीनंतर पुन्हा तीच भिंत, आणि दुसऱ्या कळपाचीही वासरं असतील. त्यांचं काय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी केतकी पहार, घण आणि जाळी कापायचं यंत्र घेऊन सड्यावर गेली. भरदिवसा. शाळेची सहल आली होती, पर्यटक होते. तिने बुजवलेल्या खिंडाराचा पहिला दगड खाली टाकला. पहारेकऱ्याला वाटलं, बाईंचं काहीतरी संशोधन चाललं असेल. त्याने तिला पाणीसुद्धा आणून दिलं. तिसऱ्या थराला जाळी लागली, ठिणग्या उडायला लागल्या, तेव्हा तो घाबरला आणि त्याने जगदाळ्यांना फोन लावला. जगदाळे येईपर्यंत दुपार झाली.

"मॅडम, हे संरक्षित स्मारक आहे! गुन्हा आहे हा!"

"माहीत आहे. जरा बाजूला व्हा, चिपा उडतात."

पोलीस आले तेव्हा तळाचं सिमेंट तेवढं राहिलं होतं. ते निघेपर्यंत ती हटली नाही. हाताची सालटं निघाली होती. दरीचा वारा मोकळ्या वाटेने आत आला आणि तिच्या घामेजल्या मानेला लागला. तिला त्याचं समाधान वाटलं नाही. ही जागा अशीच होती; तिने फक्त स्वतःची घाण काढली होती.

ठाण्यात जगदाळ्यांनी अधिकाऱ्याला बाजूला घेऊन सांगून पाहिलं: बहिणीच्या प्रकरणाने मनावर ताण आला आहे, तसंच नोंदवा, म्हणजे कुणालाच त्रास नाही.

"ताण नाही," केतकी बाकावरून म्हणाली. "पूर्ण शुद्धीवर होते. तिथं भिंत नव्हती, ती मी खोटी उभी केली, आणि म्हणून पाडली. असं लिहा. आणि खटला चालवा. कोर्टात मी का पाडली हे विचारावंच लागेल, आणि ते होईपर्यंत तिथं कुणाला दगड लावता येणार नाही."

शाल्मली दारातून आत आली. तिने डब्याची पिशवी खाली ठेवली, बहिणीचे हात उलटेपालटे करून पाहिले आणि जखमांना औषध लावायला घेतलं. नेहमी जनावरांना लावायची तसं, जरा दाबून.

हवालदारबाई संगणकावर तक्रार लिहून घेत होत्या. आरोपीच्या रकान्याशी त्या थांबल्या. बाईंचा फोटो त्यांनीही पाहिलेला होता. त्यांनी संकोचून विचारलं, "मॅडम, नावाआधी डॉक्टर लावायचं का? नसलं तरी चालतंय."

"लावा," केतकी म्हणाली. "जे केलं ते डॉक्टर म्हणूनच केलंय."